सोलर बसवताय? पॅनेलच्या आधी पेटी आणि वायर बघा

बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये एखाद्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर उभे राहा आणि चारही बाजूंना नजर फिरवा. नारळाचे शेंडे, काळ्या टाक्या, वाळत घातलेले कपडे आणि गच्चीगच्चीवर तिरका बसवलेला एक सोलर दिसेल. हा सोलर पाणी तापवणारा. बंगळुरूत ‘आमच्याकडे सोलर आहे’ असं कुणी म्हणालं, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘आमच्याकडे आंघोळीला गरम पाणी आहे’ एवढाच असतो. नव्या घरांना वीजजोडणी देताना सोलर वॉटर हीटरचा नियम आला, बिलात थोडी सूटही मिळू लागली आणि ही टाकी शहराच्या गच्च्यांची ओळख बनली.

आता त्याच टाकीच्या शेजारी गडद निळी-काळी पॅनेल दिसू लागली आहेत. ही वीज तयार करणारी पॅनेल. तुमच्या पुण्यात, नाशिकमध्ये, नागपुरातही हेच चित्र आहे. पण मल्लेश्वरमचं उदाहरण घ्यायला एक छान कारण आहे. १८९८ च्या प्लेगनंतर बंगळुरूच्या दाट वस्तीतून लोकांना मोकळ्या हवेत हलवण्यासाठी हा भाग आखला गेला. ज्या काडू मल्लेश्वर मंदिरावरून त्याला नाव मिळालं, त्या मंदिराशी शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचं नाव जोडलेलं आहे. आणि याच बंगळुरूत १९०५ च्या ऑगस्टमध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र इथून आलेल्या विजेवर रस्त्यावरचे दिवे लागले. तेव्हा वीज लांबच्या धबधब्यावरून यायची. आज ती घराच्या डोक्यावर तयार होते आणि जिन्याच्या भिंतीवरून खाली उतरते.

आपला आजचा विषय आहे हा खाली उतरण्याचा रस्ता. म्हणजे वायर, पेटी आणि अर्थिंग.

सगळे काय विचारतात, आणि काय राहून जातं

घरावर सोलर बसवायचं ठरलं की घरात तीन प्रश्न हमखास निघतात. पॅनेल कुठल्या कंपनीचं? महिन्याला किती युनिट मिळतील? सबसिडी किती?

तिन्ही प्रश्न बरोबरच आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान ठरलं. तीन किलोवॅटची यंत्रणा चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १० ते १२ युनिट देते. त्यासाठी गच्चीवर अंदाजे ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते.

पण गच्चीवरची वीज मीटरपर्यंत येते कशी, ती कोणत्या वायरीतून येते, वाटेत कोणत्या पेटीत थांबते, त्या पेटीत पाणी शिरलं तर काय होईल, हे फारसं कुणी विचारत नाही. एकूण खर्चात वायर, पेट्या आणि अर्थिंग यांचा वाटा लहान असतो. त्यामुळे भाव कमी करायचा झाला की कात्री तिथेच लागते. पॅनेलवर कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते बदलता येत नाही. पेटी मात्र बंद असते आणि वायर पाइपात असते. आत काय आहे ते कोण बघतं?

पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते. ती पेटी आणि ती वायरसुद्धा तेवढीच वर्षं त्याच उन्हात आणि त्याच पावसात राहणार आहे.

गरम पाण्याचा सोलर वेगळा, विजेचा वेगळा

पाण्याच्या सोलरमध्ये बिघाड झाला तर काय होतं? पाइप गळतो, गच्ची ओली होते, प्लंबर येतो. गच्चीवर चार पिढ्यांचा वावर असतो. आजी पापड वाळवते, मुलं पतंग उडवतात, टाकी धुणारे येतात, केबलवाला चढतो. पाण्याच्या सोलरने कुणाला त्रास दिला नाही. त्यामुळे विजेच्या पॅनेलकडेही आपण त्याच नजरेने बघतो.

जरा आकडे पाहू. आजकाल घरांवर ५४० वॅटच्या आसपासचं पॅनेल सर्रास बसतं. असं एक पॅनेल उन्हात साधारण ४९ व्होल्ट दाब देतं. तीन किलोवॅटसाठी अशी सहा पॅनेल लागतात आणि ती टॉर्चमधल्या सेलसारखी एकामागोमाग एक जोडलेली असतात. म्हणजे दाबांची बेरीज होते, जवळपास ३०० व्होल्ट. थंडीतल्या स्वच्छ सकाळी तो आणखी थोडा वाढतो. प्रवाह असतो १३ अँपिअरच्या आसपास. आपल्या घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात आणि त्यात बोट घालू नको, असं आपण लहान मुलांना सांगतो. गच्चीवरच्या वायरीत त्याहून जास्त दाब असतो.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. घरातली वीज मेन स्विच पाडला की जाते. पॅनेलला मात्र मेन स्विच नसतो. ऊन आहे तोवर ते दाब देतच राहतं. खालचे सगळे खटके बंद केले, तरी पॅनेलपासून पहिल्या खटक्यापर्यंतच्या वायरीत दिवसभर वीज असते. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

ठिणगी जी विझत नाही

घरातली वीज एसी असते. तिचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा तो क्षणभर शून्यावर येतो. स्विच बंद करताना आत बारीक ठिणगी उडते, पण पुढच्याच शून्याला ती विझते.

पॅनेलची वीज डीसी असते. ती एकाच दिशेने सतत वाहते आणि शून्यावर येत नाही. जोड सैल झाला, स्क्रू नीट आवळला गेला नाही किंवा वायरीचं आवरण फाटलं, तर दोन टोकांच्या मधल्या फटीत ठिणगी पेटते आणि पेटलेलीच राहते. यालाच आर्क म्हणतात. लोखंड जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडे जो प्रकाश दिसतो, तो आर्कचाच. त्याचं तापमान हजारो अंशांत जातं. प्लॅस्टिकची पेटी त्यापुढे टिकत नाही.

म्हणूनच सोलरच्या डीसी बाजूला घरगुती एसीचा एमसीबी चालत नाही. दिसायला दोन्ही सारखेच असतात आणि घरगुती एमसीबी स्वस्तात मिळतो. पण डीसीसाठीच्या एमसीबीमध्ये ठिणगी ताणून, तुकडे करून विझवण्याची खास सोय असते. काही डीसी एमसीबींना प्लस आणि मायनसची ठरलेली बाजू असते. उलट जोडले तर ऐन वेळी तेच जळू शकतात. पेटीतल्या एमसीबीवर ‘डीसी’ आणि व्होल्टचा आकडा छापलेला आहे का, एवढं तुम्हीही वाचू शकता.

सुरक्षेसाठी लावलेली पेटीच पेटली

ऑस्ट्रेलियात घराघरांवर सोलर आहे. तिथे २०१२ च्या मानकानुसार गच्चीवर पॅनेलजवळच एक डीसी आयसोलेटर, म्हणजे हाताने बंद करायचा खटका, बसवणं सक्तीचं झालं. हेतू चांगला होता. आग लागली किंवा दुरुस्ती करायची झाली, तर वरच्या वर वीज तोडता यावी.

झालं उलटंच. हे खटके ज्या छोट्या पेट्यांमध्ये होते, त्या छपरावर उन्हात तापत, पावसात भिजत राहिल्या. झाकणाची रबरी पट्टी कडक झाली, वायर शिरते त्या भोकातून पाणी आत गेलं, संपर्क गंजले, तापले आणि ठिणगी पेटली. सोलरशी संबंधित आगींच्या मोठ्या कारणांत हेच खटके मोजले जाऊ लागले. शेवटी २०२१ च्या नव्या मानकात गच्चीवरच्या त्या खटक्याची सक्ती काढून टाकण्यात आली.

यातून सोलर वाईट आहे असा अर्थ काढू नका. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेने केलेल्या पाहणीत, सुमारे १३ लाख यंत्रणा बसलेल्या असताना वीस वर्षांत सोलरशी संबंध असलेल्या साधारण ३५० आगी आढळल्या आणि त्यातल्या १२० मध्ये दोष सोलर यंत्रणेचा होता. म्हणजे धोका फार लहान आहे. पण जिथे तो आहे, तिथे तो जोडांमध्ये, खटक्यांमध्ये आणि पेट्यांमध्ये आहे. हीच जागा आपण बघत नाही.

पेटीत काय असतं?

घरच्या यंत्रणेत साधारण दोन पेट्या असतात. पॅनेलकडून येणारी वीज जिथे पहिल्यांदा येते ती डीसी पेटी, तिला ‘डीसीडीबी’ म्हणतात. त्यात फ्यूज, डीसी एमसीबी किंवा आयसोलेटर आणि एसपीडी असतो. मग इन्व्हर्टर डीसीची एसी करतो आणि पुढच्या एसी पेटीतून, ‘एसीडीबी’तून, वीज मीटरकडे जाते.

एसपीडी म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत वळवणारा भाग. एप्रिल-मे महिन्यांत बंगळुरूत दुपारनंतर ढगांचा गडगडाट सुरू होतो. जवळपास कुठे वीज पडली तरी गच्चीवरच्या लांब वायरींमध्ये क्षणभर मोठा दाब तयार होतो. तो एसपीडी स्वतःवर घेतो. बऱ्याच एसपीडींवर एक छोटी खिडकी असते. ती हिरवी असेल तर ठीक, लाल झाली तर त्याचं काम संपलं आणि तो भाग बदलायला हवा. कित्येक घरांत ही खिडकी बसवल्यापासून कुणी पाहिलेलीच नसते.

‘आयपी ६५’ म्हणजे नेमकं काय?

पेटीवर किंवा तिच्या माहितीपत्रकावर ‘आयपी ६५’ असं लिहिलेलं दिसतं. यातला पहिला आकडा धुळीसाठी. ६ म्हणजे धूळ आत अजिबात जात नाही. दुसरा आकडा पाण्यासाठी. ५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा अडीच-तीन मीटरवरून सगळ्या बाजूंनी मारला, तरी आतल्या भागांना अपाय होत नाही. ‘आयपी ६७’ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही चालतं.

ऐकायला भक्कम वाटतं. पण हा आकडा कारखान्यातून निघालेल्या पेटीचा असतो. गच्चीवर आल्यावर बसवणारा तिला वायरीसाठी भोकं पाडतो. त्या भोकात केबल ग्लँड, म्हणजे वायरीभोवती रबरासकट घट्ट आवळला जाणारा नट, बसवला तर पेटी पेटीच राहते. नुसती वायर घुसवून वर सिलिकॉन किंवा एम-सील फासलं, तर ‘आयपी ६५’ फक्त कागदावर उरतं. एका ग्लँडमधून दोन-तीन वायरी कोंबल्या, तरी तेच.

पेटी बघताना या गोष्टी लक्षात ठेवा:

• वायरी पेटीत खालून शिरायला हव्यात. वरच्या बाजूला भोक असेल, तर पाऊस आज ना उद्या आत जाणारच.

• शिरण्याआधी वायरीला खाली थोडा झोळ हवा. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं, पेटीत जात नाही.

• पेटी उघड्या उन्हात नको. जिन्याच्या छपराखाली किंवा भिंतीच्या सावलीच्या बाजूला हवी. ‘आयपी’चा आकडा उन्हाबद्दल काहीच सांगत नाही. साधं प्लॅस्टिक उन्हात पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि बिजागरीपाशी तडकतं. ऊन सोसणाऱ्या पॉलिकार्बोनेटची पेटी मागा.

• पेटी लाकडी फळीवर, फ्लेक्सच्या मागे किंवा अडगळीला टेकून बसवलेली नको.

• पेटीला कुलूप हवं. चावी घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी हवी.

तुम्ही राहता तिथली हवाही बघा. कोकणात खाऱ्या वाऱ्याने पत्र्याची पेटी लवकर गंजते. विदर्भात ४५ अंशांच्या उन्हात पेटीच्या आतलं तापमान आणखी चढतं. बंगळुरूचं ऊन त्यामानाने सौम्य, पण पाऊस मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत येत-जात राहतो. दिवसा ऊन आणि संध्याकाळी सर असली की पेटी तापते आणि एकदम गार होते. गार होताना ती बारीकशा फटीतूनही दमट हवा आत ओढते. झाकणाच्या आतल्या बाजूला घाम आल्यासारखे थेंब दिसले, तर समजा की पेटी नीट बंद होत नाही किंवा तिला ओल बाहेर टाकणारा झडपेचा बूच हवा आहे.

वायर: घरातली उरलेली चालणार नाही

‘तांब्याचीच वायर आहे, काय फरक पडतो?’ हे वाक्य ऐकायला मिळेल. फरक पडतो. भिंतीतल्या वायरीचं पीव्हीसी आवरण उन्हासाठी बनवलेलं नसतं. पॅनेलच्या मागची बाजू उन्हाळ्यात ६०-७० अंशांपर्यंत तापते. तिथे घरगुती वायर काही वर्षांत कडक होते आणि तिला चिरा पडतात.

सोलरसाठीची वायर वेगळी असते. तांब्याच्या बारीक तारांवर कथिलाचा मुलामा, त्यावर दुहेरी आवरण, ऊन-पाऊस सोसणारं. घरच्या यंत्रणेत बहुधा ४ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. प्लसला लाल, मायनसला काळी. वायरीच्या अंगावर दर थोड्या अंतराने छपाई असते. त्यात ‘१५०० व्होल्ट डीसी’ आणि ‘ईएन ५०६१८’ किंवा भारतीय मानक ‘आयएस १७२९३’ असं काही दिसायला हवं. वायरीवर काहीच छापलेलं नसेल, तर थेट विचारा.

वायर कशी नेली आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. ती फरशीवर लोळत असेल, तर पाणी साचतं तिथे ती बुडते. पॅनेलखाली लोंबकळत असेल, तर वाऱ्याने हलून पत्र्याच्या धारेवर घासते. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधली असेल, तर त्या पट्ट्या वर्ष-दोन वर्षांत उन्हाने तुटतात. उन्हात टिकणाऱ्या काळ्या पट्ट्या किंवा स्टीलच्या क्लिपा हव्यात.

मल्लेश्वरममध्ये आणखी एक पाहुणा असतो, माकड. मंदिरं, जुनी झाडं आणि एकमेकांना लागून असलेल्या गच्च्या यामुळे इथे माकडांच्या टोळ्या फिरतात. लोंबकळणारी वायर त्यांना झोक्यासारखी. उंदीर आणि खारी आवरण कुरतडतात ते वेगळंच. म्हणून गच्चीवरची सगळी वायर पाइपात किंवा झाकणाच्या ट्रेमध्ये हवी आणि पाइपाचं तोंड बंद किंवा खाली वळवलेलं हवं. वर तोंड करून ठेवलेला पाइप पावसाचं पाणी गोळा करतो आणि सरळ पेटीत नेऊन सोडतो.

पॅनेल एकमेकांना ज्या काळ्या टोप्यांनी जोडलेली असतात, त्यांना ‘एमसी फोर’ कनेक्टर म्हणतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, ‘टक’ असा आवाजही येतो. पण आतल्या मापात केसाएवढा फरक असतो. तो जोड हळूहळू तापतो आणि वितळतो. दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे हवेत. आणि ऊन असताना, यंत्रणा चालू असताना ते कुणीही ओढून काढायचे नाहीत.

अर्थिंग: जमिनीशी असलेलं नातं

जुन्या घरांत अर्थिंग कुठे आहे, हेच अनेकांना माहीत नसतं. सोलर बसवताना साधारणपणे तीन वेगळे खड्डे करतात. पॅनेल आणि डीसी बाजूसाठी एक, इन्व्हर्टर आणि एसी बाजूसाठी एक आणि वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरसाठी एक. जमिनीचा विरोध ५ ओहमपेक्षा कमी असावा, असं अपेक्षित असतं. बसवणाऱ्याकडे तो मोजायचं यंत्र असतं. तुमच्यासमोर मोजायला सांगा आणि आकडा लिहून घ्या.

मल्लेश्वरममधल्या जुन्या बंगल्यांच्या जागी आता अपार्टमेंट उभी राहिली आहेत. अंगणाला फरसबंदी झाली, खड्ड्याला जागा उरली नाही. मग तिन्ही वायरी एकाच खड्ड्यात जाण्याची शक्यता असते. त्याचा अर्थ असा की वीज पडली, तर तिचा लोंढा त्याच वाटेने इन्व्हर्टरपर्यंत येऊ शकतो. जागेची अडचण असेल तर ती काम सुरू होण्याआधी बोला.

आणखी एक बारीक गोष्ट. पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो वीज अडवतो. त्यामुळे अर्थिंगची वायर चौकटीवर नुसती टेकवून चालत नाही. चौकटीला त्यासाठी खूण केलेलं भोक असतं. तिथे दातेरी वॉशर लावून ती आवळावी लागते.

सकाळी उशिरा सुरू होणारा इन्व्हर्टर

रोज सकाळी वीज सुरू करण्याआधी इन्व्हर्टर स्वतःच एक तपासणी करतो. पॅनेलकडच्या वायरींतून वीज जमिनीकडे गळत तर नाही ना, हे तो बघतो. गळत असेल तर तो सुरू होत नाही आणि ‘इन्सुलेशन फॉल्ट’ किंवा ‘आयएसओ’ असा संदेश दाखवतो.

पावसाळ्यात असं होतं की रात्री पाऊस पडला की सकाळी इन्व्हर्टर बंद, दहा-अकराला ऊन आलं की आपोआप सुरू. मग घरात म्हणतात, ‘ओल असते, वाळलं की चालतं.’ कधी कधी बसवणाराही हेच सांगतो. पण चांगल्या यंत्रणेत पावसाने असं व्हायला नको. कुठेतरी पेटीत पाणी आहे, कनेक्टरमध्ये ओल आहे किंवा वायर सोलली गेली आहे, असा त्याचा अर्थ. तो संदेश मोबाइलमध्ये टिपा, तारीख लिहा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठपुरावा करा. अनुदानाच्या योजनेत नोंदणी केलेल्या विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. ती वापरा.

हात न लावता महिन्यातून दहा मिनिटं

पेटीच्या आत हात घालणं हे वायरमनचंच काम. पण डोळे, नाक आणि कान तर आपलेच आहेत. महिन्यातून एकदा, उन्हाच्या वेळी, एवढं बघा:

१. पेटीचं झाकण नीट बसलंय का? कुठे तडा, पिवळेपणा, गंज किंवा काळा डाग?

२. पेटीजवळ जळकट किंवा प्लॅस्टिक तापल्याचा वास येतो का? चरचर आवाज येतो का?

३. एसपीडीची खिडकी झाकणातून दिसत असेल, तर हिरवी आहे ना?

४. कुठे वायर लोंबतेय, पाण्यात बुडतेय, कुरतडलेली दिसतेय?

५. इन्व्हर्टरवर लाल दिवा किंवा काही संदेश?

६. पॅनेलखाली कबुतराचं घरटं, वाळकी पानं, नारळाच्या झावळ्या साचल्यात का? ठिणगी पडली तर हाच सरपण.

यातलं काहीही आढळलं, तर आधी एसी पेटीतला खटका बंद करा, मग डीसीचा, आणि बसवणाऱ्याला बोलवा. मात्र पेटीतून धूर, वास किंवा आवाज येत असेल, तर तिला हातच लावू नका. खाली मीटरजवळचा सोलरचा खटका बंद करा आणि लांब राहा. आग दिसली तर बादलीने पाणी मारायचा मोह टाळा. सगळ्यांना गच्चीवरून खाली आणा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. घरावर सोलर आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे येणाऱ्या जवानांना कळेल की दिवसा वरच्या वायरींत वीज असणार.

वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, जाणकार वायरमनकडून पेट्या उघडून सगळे स्क्रू आवळून घ्या आणि अर्थिंग मोजून घ्या. तापून-गार होऊन स्क्रू सैल होतात.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर

गच्ची सगळ्यांची असते आणि म्हणून कुणाचीच नसते. पॅनेल एकाची, पेटी जिन्यात, मीटर खाली आणि चावी रखवालदाराकडे, असं असेल तर अडचणीच्या वेळी धावपळ होते. एक साधा उपाय आहे. जिन्याच्या दाराशी एक पाटी लावा: ‘गच्चीवर सोलर आहे. दिवसा वायरींत वीज असते. बंद करायचा क्रम: आधी एसी, मग डीसी.’ खाली बसवणाऱ्याचा फोन नंबर. मल्लेश्वरममध्ये ती कन्नडमध्ये हवी आणि जमलं तर हिंदीतही, कारण टाकी धुणारे आणि रंगारी कुठूनही आलेले असतात. त्यांना सोलरबद्दल काहीच कल्पना नसते आणि सगळ्यात जास्त वेळ गच्चीवर तेच असतात.

इमारतीबाहेरच्या एका माणसाचाही यात विचार केलेला आहे. वीज गेली की तुमचा साधा सोलरही बंद पडतो. अनेकांना याचा राग येतो. पण खांबावर चढलेल्या लाइनमनला वाटत असतं की तार मेलेली आहे. तुमच्या गच्चीवरून वीज त्या तारेत गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ‘हे बंद करून टाकू, वीज गेली तरी चालेल’ असं कुणी सुचवलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दरपत्रक हातात आल्यावर

बहुतेक दरपत्रकांत पॅनेलची पूर्ण माहिती असते आणि शेवटी एक ओळ, ‘वायरिंग व इतर साहित्य, एकत्रित’. ही एक ओळ फोडून मागा. वायर कोणत्या कंपनीची, किती चौरस मिलिमीटर, कोणत्या मानकाची? डीसी पेटी कशाची, ‘आयपी’ किती, आत काय काय? एमसीबी डीसीचाच का? कनेक्टर कोणत्या कंपनीचे? अर्थिंगचे खड्डे किती आणि कुठे? पेटी कुठल्या भिंतीवर बसणार?

चांगल्या बसवणाऱ्याला हे प्रश्न आवडतात. तो पेटी उघडून दाखवेल, ग्लँड दाखवेल, कधी कधी मागच्या एखाद्या कामाचे फोटोही दाखवेल. ‘ते तुम्ही आमच्यावर सोडा’ असं उत्तर आलं, तर दुसरं दरपत्रक मागवा. दीड-दोन लाखांच्या कामात चांगली पेटी, मानकाची वायर आणि नीट अर्थिंग यांनी खर्च काही हजारांनी वाढेल. तो वाढू द्या.

आणि तुमच्याकडे सोलर आधीच बसलेला असेल, तर येत्या रविवारी सकाळी चहा झाला की मुलांना घेऊन गच्चीवर जा. वरच्या यादीतले सहा मुद्दे त्यांना लांबूनच दाखवा. कुठली पेटी, कुठली वायर, कशाला हात लावायचा नाही आणि आधी कोणता खटका बंद करायचा, हे त्यांना तुमच्याकडूनच कळू द्या.